जुन्या लॅपटॉपांचे प्रोसेसर : तुलना कशी करावी

शाळांना देणगीदाखल मिळणारे लॅपटॉप बहुधा अन्यत्र काही वर्षे वापरून झालेले असतात. समजा, भुसावळ तालुक्यातील एखाद्या शाळेस असे पाच लॅपटॉप मिळाले आणि त्यांपैकी दोहोंच्याच दुरुस्तीपुरता निधी शाळेजवळ आहे. कोणते दोन निवडावे? पाचांच्याही माहितीत ‘१.६ गिगाहर्ट्झ’ हाच आकडा लिहिलेला आहे. अशा वेळी दिसावयास जो नवा व चकचकीत, तो उत्तम, असे ठरविण्याचा मोह होतो व तेथेच निधी वाया जाण्याचा संभव असतो.

प्रोसेसर हा संगणकातील आकडेमोड करणारा भाग होय. १.६ गिगाहर्ट्झ म्हणजे त्याच्या अंतर्गत घड्याळाचे सेकंदास १६० कोटी ठोके. परंतु एका ठोक्यात काम किती उरकते, हे ह्या आकड्यावरून मुळीच कळत नाही. भुसावळच्या यार्डात शंटिंगचे एंजिन आणि मालगाडीचे एंजिन ह्यांची चाके क्षणभर सारख्याच गतीने फिरताना दिसतील; पण एकामागे चार वाघिणी असतात, तर दुसऱ्यामागे अख्खी मालगाडी.

हे पाच प्रोसेसर असे समजू : पेंटियम एम (२००३), ॲटम एन२७० (२००८), कोअर आय५-४२००यू (२०१३), सेलेरॉन एन३०६० (२०१६) आणि कोअर आय५-८२५०यू (२०१७). पाचांचाही मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झच आहे.

ॲटम एन२७० हा लहान, स्वस्त लॅपटॉपांसाठी काढलेला प्रोसेसर. तो आज्ञा आल्या त्याच क्रमाने पार पाडतो. परीक्षेत एखादे उदाहरण अडले की त्यावरच पेन टेकवून बसणारा विद्यार्थी असतो, तशी त्याची रीत आहे. त्याहून पाच वर्षांनी जुना असलेला पेंटियम एम मात्र अडलेले उदाहरण बाजूस ठेवून पुढचे सोडवितो व मग मागे वळतो. म्हणून एकेकटे काम करताना जुना पेंटियम एम नव्या ॲटमपेक्षा सरस ठरतो. कोअर मालिकेतील प्रोसेसर ह्याच रीतीने, पण एका ठोक्यात आणखी अधिक आज्ञा हाताळतात.

शिवाय, प्रोसेसरच्या पोटात ‘कोअर’ नावाचे एक वा अनेक स्वतंत्र गणक असतात. पेंटियम एम व ॲटम एन२७० ह्यांत असा एकच गणक आहे, आय५-४२००यू व सेलेरॉनमध्ये दोन-दोन आणि आय५-८२५०यूमध्ये चार. गरज पडल्यास हे शेवटचे तीन प्रोसेसर आपला वेग थोडा वेळ वाढवूही शकतात : सेलेरॉन २.४८ पर्यंत, ४२००यू २.६ पर्यंत, ८२५०यू ३.४ पर्यंत. प्रोसेसरच्या हाताशी असणारा लहान साठा, ज्यास ‘कॅश’ म्हणतात, तो ॲटममध्ये अर्धा मेगाबाइट, तर ८२५०यूमध्ये सहा मेगाबाइट आहे.

खरी फसगत होते ती सेलेरॉन आणि ४२००यू ह्यांच्या निवडीत. सेलेरॉन तीन वर्षांनी नवा, वजनाने हलका, बॅटरीही बहुधा अधिक टिकणारी. तरीही एकेकट्या कामात ४२००यू त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चालतो. ह्याचे कारण त्यांच्या नावातच दडलेले आहे. ‘एन’ अक्षराचा सेलेरॉन हा ॲटमच्या घराण्यातला. स्वस्ताई व अल्प वीज हाच त्याचा हेतू. आय५ नंतरच्या संख्येतील पहिला अंक पिढी दाखवितो, म्हणजे ४२००यू हा चौथ्या पिढीचा व ८२५०यू आठव्या पिढीचा. आणि शेवटचा ‘यू’ अल्प वीज घेणारा प्रकार दर्शवितो. लॅपटॉपवरील चिकटपट्टीवर पुष्कळदा केवळ ‘आय५’ एवढेच असते. तेवढ्यावर विसंबू नये. पूर्ण नाव संगणकाच्या सेटिंग्जमध्ये वाचावे.

खानदेशातील शाळांना ह्यात उष्णतेचाही हिशेब धरणे भाग आहे. प्रोसेसर सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला म्हणजे स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करतो. उष्णता बाहेर टाकण्याचे प्रमाण आतील व बाहेरील तापमानाच्या फरकावर अवलंबून असते. खोलीत २५ अंश असता हा फरक ७५ अंशांचा असतो. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली हवा ४५ अंशांवर गेली की तो ५५ उरतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती चतुर्थांशाहून अधिक घटते. त्यात पंख्याच्या जाळीत धुळीचा लोकरीसारखा थर बसलेला असला, तर चांगला प्रोसेसरही रखडू लागतो. १५ वॅटच्या ४२००यूला हा त्रास होतो. ६ वॅटच्या सेलेरॉनला फारसा होत नाही. म्हणून जाळी मऊ कुंचल्याने साफ करवून घ्यावी, प्रोसेसरवरील वाळलेला उष्णतावाहक लेप कारागिराकडून बदलून घ्यावा, आणि परीक्षा सकाळच्या गारव्यात न घेता भर दुपारी घ्यावी.

परीक्षा म्हणजे काय? हातात घड्याळ घेऊन तीन कामे सर्व यंत्रांवर करून पाहावी : बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ उघडून शेवटच्या पानापर्यंत जाणे, पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमागची चित्रफीत दहा मिनिटे अखंड चालविणे, आणि मराठी टंकलेखन करीत असता दुसरे पान उघडणे. ह्यात यंत्र अडखळले तर दोष प्रोसेसरचाच असतो असे नाही. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क हे विलंबाचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

कामाकडे पाहून प्रोसेसर निवडल्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात येथील प्राथमिक शाळेतील मुलांना २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ह्या प्रकल्पाची यंत्रे देण्यात आली. त्यांतील एएमडी जिओड प्रोसेसरचा वेग केवळ ४३३ मेगाहर्ट्झ व स्मृती २५६ मेगाबाइट होती. वीज अत्यल्प लागावी म्हणून तो निवडलेला होता आणि त्यावरील आज्ञावलीही त्याच बेताने रचलेली होती. आजची संकेतस्थळे अशा बेताने रचलेली नसतात, हे मात्र विसरता येत नाही.

विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. वरील पाचांपैकी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसतो तो फक्त ८२५०यू. ४२००यू व सेलेरॉन ६४ बिटांचे असल्यामुळे त्यांवर लिनक्स उत्तम चालते. पेंटियम एम व ॲटम एन२७० हे ३२ बिटांचे. डेबियनसारख्या जुन्या आधारानेही २०२५ च्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या संगणकांसाठी स्थापना-संच देणे बंद केले आहे.

तेव्हा शाळेचा निधी ८२५०यू व ४२००यू ह्यांच्या एसएसडीवर व वाढीव स्मृतीवर खर्चावा. सेलेरॉनवर लिनक्स घालून तो टंकलेखनास द्यावा. ॲटम इंटरनेटला न जोडता पहिली-दुसरीच्या गणिती खेळांपुरता ठेवावा. पेंटियम एमची बॅटरी काढून, झाकण उघडून, नखाएवढ्या त्या चौकोनाकडे मुलांना एकदा नीट पाहू द्यावे.