ब्रेक कॅलिपरचे घरगुती रंगकाम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी, म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर असे दोन मुख्य भाग असतात. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधील पिस्टनपर्यंत पोचतो, पिस्टन ब्रेक पॅड डिस्कवर दाबतो आणि घर्षणामुळे चाकाचा वेग कमी होतो. अलॉय चाकांच्या आऱ्यांमधून हा कॅलिपर सहज दिसत असल्याने तो रंगवण्याची हौस अनेकांना असते आणि ती घरच्या घरी पुरवताही येते. परंतु या कामाभोवती जमलेल्या समजुतींपैकी काही निरुपद्रवी, तर काही थेट जिवावर बेतणाऱ्या आहेत.

लाल कॅलिपर म्हणजे अधिक ताकदीचा ब्रेक, ही पहिली समजूत. तिला थोडा आधार आहे, कारण काही कंपन्या रंगाचा उपयोग खूण म्हणून करतात. पोर्शेच्या गाड्यांवर पिवळा कॅलिपर परंपरेने सिरॅमिक डिस्कचा निदर्शक मानला जातो. मात्र तेथे ब्रेक आधी वेगळा असतो आणि रंग नंतर येतो. गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड, पॅडचे घर्षण, डिस्कचा व्यास आणि पिस्टनचे क्षेत्रफळ यांवर ठरते, रंगावर नाही.

कोणताही चांगला ऑइलपेंट चालतो, हा समज उष्णतेचा हिशेब न केल्यामुळे टिकून आहे. १२०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबते, तेव्हा सुमारे ४.६ लाख ज्यूल ऊर्जेची बहुतांश उष्णता ब्रेकमध्येच होते, आणि एवढ्या उष्णतेत साधारण दीड लिटर पाणी उकळीला येऊ शकते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना सुमारे ५०० मीटरची उंची कमी होते. त्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा अशा बारा-तेरा थांब्यांइतकी भरते, आणि गाडी खालच्या गिअरमध्ये न ठेवता केवळ पेडलवर उतरवली तर तिचा मोठा भार ब्रेकवरच पडतो. कॅलिपर डिस्कइतका तापत नसला, तरी साधा रंग करपण्याइतका निश्चित तापतो. म्हणून डब्यावर तापमानाची मर्यादा स्पष्ट लिहिलेला, कॅलिपरसाठीच बनवलेला रंग घ्यावा. दुसरी कसोटी ब्रेक ऑइलची: डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलवर आधारित द्रव्ये सांडल्यास साधा रंग विरघळवतात, त्यामुळे रंग आणि हार्डनर मिसळून लावायचा इपॉक्सी प्रकार अधिक टिकाऊ ठरतो.

याच्या उलट, रंगामुळे उष्णता कोंडून ब्रेक निकामी होतात, अशीही भीती घातली जाते. ब्रेकमधील बहुतेक उष्णता डिस्कमधून हवेत जाते आणि रंगाचे दोन-तीन हात मिळून मिलिमीटरचा अंशच भरतात. एवढ्या पातळ थराने रस्त्यावरच्या वापरात फरक पडत नाही.

खरा धोका कॅलिपर सगळाच रंगवावा, या समजुतीत आहे. बहुसंख्य प्रवासी गाड्यांचे कॅलिपर तरंगते असतात, म्हणजे ते पिनांवर आडवे सरकून दोन्ही पॅड सारखे दाबतात; पिनांवर किंवा पॅडच्या बैठकीत रंग साचला, तर पॅड अडकतो, डिस्कला घासत राहतो आणि ब्रेक तापतो. पिस्टन, त्यावरील रबरी आवरण आणि हवा काढण्याचा निपल यांनाही रंग लागता कामा नये. चाक जेथे हबवर टेकते तो भाग कोराच ठेवावा, कारण तेथील रंगाचा थर दबला की घट्ट केलेले नट सैल पडू शकतात. डिस्कवर उडालेला रंग ब्रेक क्लीनरने पुसता येतो. पॅडने मात्र तो शोषलेला असतो, आणि असा पॅड बदलण्याला पर्याय नाही. स्प्रेपेक्षा ब्रश बरा, तो याचसाठी.

कॅलिपर पूर्ण सुटा केल्याशिवाय काम नीट होत नाही, हेही खरे नाही. ब्रेक ऑइलची नळी सोडली की तिच्यात हवा शिरते, आणि द्रव दबत नसला तरी हवा दबते, म्हणून पेडल पोकळ लागते व हवा काढण्याचे वेगळे काम मागे लागते. कॅलिपर जागेवरच ठेवून रंगवता येतो. बोल्ट काढलेच, तर तो नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधावा, आणि गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक लागेपर्यंत अनेकदा दाबावे.

सफाईसाठी रॉकेल किंवा डिझेल वापरण्याची जुनी सवय मोडायला हवी, कारण खनिज तेलाने ब्रेकमधील रबरी सील फुगतात आणि मागे उरलेल्या तेलकट थरावर रंग धरत नाही. तारेचा ब्रश आणि ब्रेक क्लीनर पुरेसे आहेत. जुन्या पॅडच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. चाक काढल्यावर गाडी केवळ जॅकवर न ठेवता मजबूत स्टँडवर टेकवावी.

रंगाने गंज थांबतो, हे बाहेरच्या पृष्ठभागापुरते बरोबर आहे आणि कोकणच्या खाऱ्या हवेत त्याचा उपयोगही होतो, परंतु आत जाम झालेली पिन वा पिस्टन रंगाने मोकळा होत नाही. ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढत असेल, पेडल पोकळ लागत असेल किंवा एकच चाक जास्त तापत असेल, तर वाचकांनी रंगाचा डबा बाजूला ठेवून गाडी आधी मेकॅनिककडे न्यावी.