चाळीवांचून कांदा

भाजीपाला लाविला कीं थोडक्या दिवसांत रोख पैसा हातीं येतो, ही समजूत तरुण शेतकऱ्यांत बरीच पसरली आहे. मेथी-कोथिंबिरीपुरती ती खरीही आहे. परंतु नाशिक जिल्ह्यांत निफाड, येवला, चांदवड या तालुक्यांचा संसार ज्या पिकावर चालतो त्या कांद्याची गोष्ट निराळी. कांदा पिकविणें ही शेती, विकणें हा व्यापार; आणि ज्यास आजच विकणें भाग आहे त्यास भाव ठरवितां येत नाहीं, हें आमच्या पेठेंतील वाचकांस सांगावयास नको.

खरीप व रांगडा कांदा फार दिवस टिकत नाहीं. निघाला कीं विकावाच लागतो. उन्हाळी कांदा डिसेंबर-जानेवारींत लावितात, मार्चअखेरपासून मेपर्यंत काढितात, आणि पावसाळा सरून नवा माल येईतों देश त्यावरच निभावतो. म्हणजे कमाईची संधि असली तर ती येथें आहे. पण टिकाऊपणाची तयारी चाळींत नव्हे, वाफ्यांत सुरू होते. लागणीनंतर दोन महिने लोटल्यावरही जो युरिया टाकितो त्याच्या कांद्याच्या माना जाड राहतात, व जाड मानेचा कांदा आधीं सडतो. काढणीपूर्वीं दहा-पंधरा दिवस पाणी तोडावें. निम्म्या माना पडल्या कीं उपटावा. एका ओळीचे कांदे दुसरीच्या पातीनें झांकून तीन-चार दिवस शेतांतच सुकवावे. मग इंचभर मान ठेवून पात कापावी व दहा-बारा दिवस सावलींत राहूं द्यावा. जोडकांदे, डेंगळे व चिंगळी वेगळी काढावी. एवढें झाल्यावर चाळ: जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, खालून वारा, आणि रास चार-पांच फुटांहून उंच नाहीं. जमिनीवर नुसत्या पसरलेल्या कांद्याचा तिसरा हिस्सा सडून, कोंब फुटून व वजन घटून सहज जातो.

ज्यास चाळ नाहीं तो मे महिन्यांत ट्रॉली भरून लासलगावीं येतो. त्याच आठवड्यांत सारेच येतात. मग लिलावांत बोली खालीं आली म्हणजे व्यापाऱ्यास बोल लावितात. आम्ही व्यापाऱ्याचे वकील नव्हों. भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी, हा महाराष्ट्र सरकारचा २०१६ चा निर्णय आम्हांस न्याय्यच वाटतो. परंतु अडत वांचली तरी अडचण वांचत नाहीं.

सरकारचा हातही येथें मोकळा नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्रानें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसविला. त्याच वर्षीं ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजीं ती खुली केली, पण कर ठेविला. तो सप्टेंबरांत २० टक्क्यांवर आला व १ एप्रिल २०२५ पासून उठला. शहरांतील गरिबास कांदा स्वस्त मिळावा हा हेतु आम्ही वाईट म्हणत नाहीं. पण रोपें टाकितांना एक कायदा, काढितांना दुसरा, ही कोणती रीत? व्यापाऱ्याचा करार एका रात्रींत बुडतो, आणि त्याचें नुकसान तो दुसऱ्या दिवशींच्या बोलींत शेतकऱ्याकडून वसूल करितो. निर्यातीचें धोरण लावणीपूर्वीं जाहीर करून हंगाम संपेतों न बदलणें, एवढें सरकारास अशक्य नाहीं.

चाळीस अनुदान मिळतें, पण कर्जाचा हप्ता कांद्यासाठीं थांबत नाहीं. गोदामांतील सोयाबीनवर तारण-कर्ज देतात. कांदा रोज घटतो म्हणून त्यावर देणें अवघड. तरी घट धरून निम्म्या किंमतीवर कर्ज देण्यास गांवच्या सोसायट्यांनीं व पेढीवाल्यांनीं कां कचरावें?

जो यंदा प्रथमच कांदा लावूं पाहतो त्यानें बियाणें घेण्यापूर्वीं चाळीची जागा व खर्च पाहावा. चाळ होत नसेल, तर पडत्या भावांतही झेपेल एवढाच कांदा लावावा, आणि उरलेल्या रानांत गहूं-हरभरा घ्यावा.