‘वय झालं’ हे निदान नव्हे

कोंबडीनं अंडी द्यायचं थांबवलं की ‘वय झालं तिचं’ असं आपण म्हणतो. ती पिसं फुगवून कोपऱ्यात बसली तरी तेच म्हणतो, मान वाकडी झाली तरी तेच. जोयडा तालुक्यात, सुपा धरणाच्या आसपासच्या जंगलवस्त्यांवर, पशुवैद्य लांब आणि पावसाळ्यात वाट अवघड, म्हणून हे वाक्य तोंडी आणखी सहज येतं. पण म्हातारपण ही अवस्था आहे, आजार नव्हे. दोन्ही एकच धरल्यानं दोन उलट्या चुका होतात. धडधाकट कोंबडी निकामी ठरते आणि बरी होण्यासारखी कोंबडी उपचाराविना मरते.

अंडी थांबली म्हणजे कोंबडी संपली, हा पहिला गैरसमज. पहिल्या वर्षानंतर अंडी दरवर्षी कमी होत जातात हे खरं, पण ती एकदम बंद पडण्याची कारणं बहुधा वेगळी असतात. अंड्यांसाठी उजेड लागतो. मोठ्या फार्मवर दिवे लावून दिवस सोळा तासांपर्यंत वाढवतात. सुप्याच्या अक्षांशावर उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा, तर डिसेंबरातला सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो. दिवस आखूड होऊ लागले की कोंबडी पिसं झाडते. पीस बहुतांशी प्रथिनांचंच बनलेलं असल्यानं नवी पिसं येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, शरीर अंड्यांचा खर्च टाळतं. या काळात ती खाते, उकरते, हिंडते. तिला औषध नको, प्रथिनयुक्त खाद्य हवं. खुडूक बसलेली कोंबडीही अंडी देत नाही. तीही आजारी नसते.

खरा आजार ओळखणं कठीण जातं, कारण दुबळेपणा दिसला की शिकारी प्राणी टिपतो. म्हणून कोंबडी दुखणं शेवटपर्यंत लपवते. आदल्या दिवशी ठीक होती आणि सकाळी गेली, म्हणजे वयानं गेली, हा निष्कर्ष त्यामुळेच फसवा ठरतो. हातानं छातीचं हाड चाचपावं. ते धारेसारखं टोचत असेल तर ती कित्येक दिवस झिजते आहे. तुरा फिका पडणं, पोट खाली लोंबणं, शेपूट खाली टाकून ताठ उभं राहणं या खुणा अंडनलिकेच्या किंवा पोटाच्या विकाराकडे बोट दाखवतात. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ते कमी पडलं की कवच पातळ होतं, अंडं अडकूही शकतं. अशा वेळी पोट दाबू नये, आत अंडं फुटलं तर जीव जातो. ऊब द्यावी, कोमट पाण्यात बसवावं आणि तेवढ्यानं अंडं सुटलं नाही तर पशुवैद्य गाठावा. शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवावा; अंडी न देणाऱ्या कोंबडीच्या मूत्रपिंडांना जादा कॅल्शियम बाधतं.

आरवणारी कोंबडी अपशकुनी, हा समज जुना आणि क्रूर आहे. कोंबडीचं डावं अंडाशयच काम करतं. वयानं किंवा रोगानं ते बिघडलं की स्त्री-संप्रेरक घटतं, उजवीकडचा सुप्त अवयव वाढू शकतो आणि ती कोंबड्यासारखी वागू लागते. यात घराला धोका नाही. असलाच तर तो तिच्या प्रकृतीला आहे. मान वाकडी होणं ही वयाची किंवा नजर लागल्याची खूण नसून बहुतेकदा मानमोडीची, म्हणजे राणीखेतची असते. हा विषाणू आहे, प्रतिजैविकांना तो दाद देत नाही, उपाय लसीचाच. लहानपणी दिलेल्या लशीचा जोर आयुष्यभर टिकत नाही, तेव्हा वय झालेल्या कोंबड्यांनाही पुन्हा लस लागते.

म्हाताऱ्या कोंबडीवर खर्च परवडत नाही, हा आक्षेप गरीब घराचा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. पण परड्यात चरणारी कोंबडी बरंचसं पोट किडे, दाणे आणि उष्ट्यावर भरते. शिवाय गिरिराजासारख्या सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी उबवायला जुनी गावठी कोंबडीच उपयोगी पडते. तरीही प्रत्येक कोंबडी वाचवावी असा हट्ट नको. असह्य वेदनेत कुढत ठेवण्यापेक्षा एका झटक्यात अंत करणं दयेचं आहे. आजारी कोंबडी बाजारात विकणं किंवा मेलेली रानात फेकणं मात्र दया नव्हे आणि काटकसरही नव्हे. राणीखेत रानकोंबड्याला, मोरालाही होऊ शकतो, आणि काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान इथल्या उंबऱ्याला लागून आहे. आजारी कोंबडी वेगळी डालावी, मेलेली चुना टाकून खोल पुरावी, औषध चालू असताना आणि नंतर पशुवैद्य सांगेल तितके दिवस अंडी खाऊ नयेत. ‘वय झालं’ म्हणण्याआधी तिला उचलून हाड, पोट आणि तुरा पाहायला दोन मिनिटं लागतात. वर्षानुवर्षं घराला अंडी देणाऱ्या जिवासाठी ती दोन मिनिटं काढायलाच हवीत.