पाळीव सशांचा बिछाना व आहार

हिंगोली जिल्ह्यातील माळरानावरचा रानससा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची पिले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. पाळीव ससा हा मात्र निराळा प्राणी असून तो युरोपातील बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. भारतात पाळल्या जाणाऱ्या सोव्हिएट चिंचिला, न्यूझीलंड व्हाईट इत्यादी जातींची पिले उघडी व आंधळी जन्मतात. रानात मादी बिळामध्ये गवत व स्वतःचे केस पसरून त्यांस ऊब देते. पिंजऱ्यात ते बीळ पाळणाऱ्यानेच करून द्यावयाचे असते. हे ध्यानात न घेतल्यास संपूर्ण वेत पहिल्या आठवड्यातच दगावण्याचा संभव असतो.

(रानसशास पकडणे किंवा मारणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. पाळण्याकरिता पाळीव जातीच घ्याव्यात.)

विण्याची पेटी

सशाचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो. २७ व्या किंवा २८ व्या दिवशी पिंजऱ्यात सुमारे ५० सें.मी. लांब व ३० सें.मी. रुंद अशी लाकडी पेटी ठेवावी. मादीस आत जाता यावे म्हणून पुढील बाजू बुटकी असावी.

पेटीत मऊ, कोरडे गवत, गव्हाचे काड किंवा कडब्याचा हाताने फाडलेला पाला घालावा. सोयाबीनचे भुसकट बोचरे असते. शिवाय परतीच्या पावसात भिजलेल्या भुसकटास बुरशी येते. म्हणून ते पेटीत वापरू नये. घरात कापूस असतो म्हणून तो अंथरण्याचा मोह होतो. परंतु त्याचे तंतू पिलांच्या पायांस व मानेस गुंडाळले जातात. बारदानाच्या दोऱ्यांचेही तसेच आहे. बारीक भुशाची धूळ नाकात जाऊन त्रास होतो. औषधे किंवा खते ठेवलेल्या जागेतील काड मुळीच घेऊ नये.

ओला झालेला बिछाना त्वरित काढून कोरडा घालावा. मात्र मादीने उपटलेले केस टाकून न देता पुन्हा पिलांवर पसरावेत. पिले एकत्र व शांत पडलेली असल्यास ऊब योग्य आहे असे समजावे. ती दूर दूर सरकत असल्यास उकाडा होत आहे असे जाणून काही काड कमी करावे. उन्हाळ्यात येथील तपमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जात असल्याने पिंजरे दाट सावलीत व वाऱ्याच्या जागी ठेवणे अगत्याचे आहे.

मादी सामान्यतः दिवसातून एकदाच, तेही थोडा वेळ पाजते. म्हणून तिने पिले टाकली असा ग्रह करून घेऊ नये. पिलांची पोटे भरलेली आहेत की नाहीत, हे रोज पाहावे. १० ते १२ दिवसांत त्यांचे डोळे उघडतात.

आहार

सशाचे दात जन्मभर वाढतात व त्याचे आतडे तंतुमय वैरणीवर चालते. धान्य अधिक दिल्याने ससा पुष्ट होतो हा समज चुकीचा आहे. त्याने पोट बिघडून हगवण लागते. वाळलेले गवत पिंजऱ्यात सदैव असावे. लसूणघास थोडा सुकवून द्यावा. प्रौढ सशास ज्वारी किंवा मका, गव्हाचा कोंडा व सोयाबीन पेंड यांचा मिश्र खुराक दररोज १०० ते १२० ग्रॅम पुरतो. पाजणाऱ्या मादीस अधिक द्यावा. बुरशी आलेली भुईमूग पेंड व काळी पडलेली ज्वारी सशांस घातक आहे. ज्वारीचे कोवळे फुटवेही देऊ नयेत. त्यांनी विषबाधा होते.

आहारात बदल करणे झाल्यास तो आठ-दहा दिवसांत क्रमाक्रमाने करावा. पिले आईपासून तोडताना याची विशेष काळजी घ्यावी. स्वच्छ पाणी नेहमी असावे. ससा आपल्या मऊ लेंड्या खातो, तो रोग नव्हे. त्यातून त्यास जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात.

वैरण खाणे बंद होणे, हे सशाच्या आजाराचे पहिले लक्षण होय. तसे दिसताच त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा. कोरडा बिछाना व वाळलेले गवत या दोन्ही गोष्टी शेतावरच उपलब्ध असतात. त्या वेळेवर पुरविल्यास महागडा खुराक न घेताही बरीच पिले वाचविता येतील.