नकाशावर कोरडे, बेसमेंटमध्ये ओले

नोव्हायमध्ये घर बघताना आपण शाळा बघतो, ऑफिसचे अंतर बघतो, देवघर कुठे बसेल तेही बघतो. पुराचा विषय निघाला की 'फीमा'चा नकाशा उघडला जातो, घर पूरक्षेत्राबाहेर आहे असे कळते आणि विषय तिथेच मिटतो. पुढे बेसमेंट फिनिश होते. खाली टीव्ही, मुलांची खेळणी, गणपतीच्या मखराचे खोके येते आणि उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या आईबाबांसाठी एक खोलीही तयार होते. दक्षिण-पूर्व मिशिगनमध्ये सर्वांत जोरदार पाऊस पडतो तोही याच उन्हाळ्यात. म्हणून तो नकाशा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेणे गरजेचे आहे.

नकाशा काय सांगतो

फीमाच्या नकाशावर जास्त धोक्याचा म्हणून दाखवलेला पट्टा म्हणजे दर वर्षी पूर येण्याची शक्यता किमान 1 टक्का असलेली जागा. महाराष्ट्रात पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल रेषा आखते. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुण्यात किंवा सांगलीत फ्लॅट घेताना या रेषांविषयी आपण ऐकलेले असते. फीमाचा पट्टा हा ढोबळमानाने लाल रेषेचा अमेरिकन भाऊ.

'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी मात्र गोंधळ होतो. दर वर्षी 1 टक्का शक्यता असेल, तर 30 वर्षांचे गृहकर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पूर येण्याची शक्यता 26 टक्के होते. म्हणजे साधारण चारात एक.

दुसरी अडचण अशी, की हे नकाशे मुख्यतः नद्या, तलाव आणि किनारे यांच्या पुराचे आहेत. मुसळधार पावसाने गटारे तुंबली, तर पाणी कुठे साचेल हे ते दाखवत नाहीत. नोव्हायमधून रूज नदीच्या मिडल शाखेचे वरच्या अंगाचे लहान प्रवाह वाहतात. बहुतेक घरे त्यांच्यापासून दूर आहेत, त्यामुळे नकाशावर ती कोरडी दिसतात. पण फीमाच्याच आकडेवारीनुसार पूरविम्याचे सुमारे 40 टक्के दावे जास्त धोक्याच्या पट्ट्याबाहेरून येतात.

नदीशिवाय आलेले पूर

11 ऑगस्ट 2014 रोजी डेट्रॉइटच्या विमानतळावर एका दिवसात 4.57 इंच, म्हणजे सुमारे 116 मिलिमीटर पाऊस झाला. महामार्ग पाण्याखाली गेले आणि हजारो बेसमेंटमध्ये पाणी शिरले. 25 आणि 26 जून 2021 च्या पावसात डेट्रॉइटच्या काही भागांत 6 इंचांहून अधिक पाऊस पडला. आय-94 वर गाड्या बुडाल्या, आणि मोठ्या पंपिंग स्टेशनांमधले काही पंप विजेच्या अडचणींमुळे ऐन वेळी चालले नाहीत. या भागात पावसाचे पाणी आणि मैला बऱ्याच ठिकाणी एकाच वाहिनीतून जातो, त्यामुळे अनेकांच्या बेसमेंटमध्ये मैलापाणी आले.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. त्यापुढे 116 मिलिमीटर किरकोळ वाटेल. पण शहर बुडते ते एकूण पावसामुळे नव्हे, तर गटारांच्या क्षमतेपेक्षा जास्त वेगाने पाणी आल्यामुळे. मुंबईची जुनी गटारे तासाला 25 मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती. डेट्रॉइटची गटारेही त्यांच्या काळातल्या पावसाच्या हिशेबाने बांधली गेली.

आता तो हिशेब बदलतो आहे. हवेचे तापमान 1 अंश सेल्सियसने वाढले, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा जास्त पाणी थोड्या वेळात ओतले जाते. अमेरिकेच्या पाचव्या राष्ट्रीय हवामान मूल्यांकनानुसार मिडवेस्टमध्ये सर्वांत जोरदार 1 टक्का दिवसांत पडणारा पाऊस 1958 पासून सुमारे 45 टक्क्यांनी वाढला आहे.

पाणी कुठून येते

बेसमेंटमध्ये पाणी शिरायच्या मुख्य वाटा चार.

पहिली वाट भिंती आणि फरशीतून. इथल्या जमिनीत हिमनद्यांनी मागे ठेवलेली चिकणमाती भरपूर आहे. ती पाणी लवकर सोडत नाही. घर बांधताना पायाभोवती भरलेली माती मात्र भुसभुशीत असते, त्यामुळे पाणी तिथे साचते. भिंतीबाहेर 1 मीटर उंचीचे पाणी साचले, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 1 टन दाब पडतो. बारीक भेगेतून पाणी आत यायला तेवढा पुरे.

हा दाब कमी करण्यासाठी पायाभोवती सच्छिद्र पाइप असतो. तो पाणी संपच्या खड्ड्यात आणतो आणि पंप ते बाहेर फेकतो. हा पंप बंद पडणे ही दुसरी वाट. तो विजेवर चालतो, आणि वादळात पाऊस आणि वीज जाणे या गोष्टी सहसा एकत्रच येतात.

तिसरी वाट फरशीतल्या ड्रेनची. नंतर वसलेल्या उपनगरांत मैल्याची आणि पावसाची वाहिनी सहसा वेगवेगळी असते. तरीही भेगांतून आणि चुकीच्या जोडण्यांमधून पावसाचे पाणी मैल्याच्या वाहिनीत घुसते, ती भरते आणि उलटी वाहू लागते.

चौथी वाट खिडकीची. बेसमेंटमध्ये झोपायची खोली करायची, तर सुटकेसाठी मोठी खिडकी लागते. तिच्याबाहेरचा खोलगट खड्डा तुंबला, की पाणी थेट आईबाबांच्या खोलीत येते.

पाणी एकच, विमा वेगवेगळा

खरा धक्का अनेकांना दुसऱ्या दिवशी बसतो. नुकसान कितीही असो, विमा कंपनी आधी विचारते की पाणी कोणत्या वाटेने आले.

घराच्या नेहमीच्या विम्यात अचानक फुटलेल्या पाइपचे नुकसान साधारणतः येते, पण पुराचे येत नाही. संप पंप बंद पडून किंवा ड्रेन उलटून आलेल्या पाण्यासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते आणि तिला स्वतःची मर्यादा असते. फिनिश केलेल्या बेसमेंटपुढे ती मर्यादा फार लहान निघू शकते. भिंतीतून झिरपलेले पाणी तर बहुधा कशातच बसत नाही.

1968 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पूरविमा योजनेत घरासाठी कमाल 2,50,000 डॉलर आणि सामानासाठी 1,00,000 डॉलर मिळू शकतात. पण त्या योजनेत 'पूर' म्हणजे सहसा कोरडी असलेली किमान दोन एकर जमीन किंवा किमान दोन मालमत्ता पाण्याखाली जाणे. फक्त तुमच्याच बेसमेंटमध्ये पाणी आले, तर तो या व्याख्येत पूर ठरत नाही. शिवाय बेसमेंटमधली फर्नेस, वॉटर हीटर, इलेक्ट्रिक पॅनेल यांना संरक्षण मिळते, पण गालिचा, सोफा, टीव्ही यांना मिळत नाही. पॉलिसी साधारणपणे 30 दिवसांनी लागू होते, म्हणून हवामान खात्याचा इशारा आल्यावर ती घेऊन उपयोग नाही.

काय करता येईल

सुरुवात बादलीने करा. संपच्या खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता. फ्लोट वर येऊन पंप चालू झाला पाहिजे आणि बाहेर पाइपातून पाणी पडताना दिसले पाहिजे. बॅटरीवरचा दुसरा पंप वीज गेल्यावर काही तास सांभाळतो. नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणाराही पंप मिळतो. त्याला वीज लागत नाही, पण घरात शहराचे पाणी हवे. विहिरीचे पाणी असेल, तर वीज जाताच तिचा पंपही थांबतो.

मग छप्पर बघा. 1,500 चौरस फूट छपरावर 1 इंच पाऊस पडला, तर सुमारे 935 गॅलन पाणी होते. हे पाणी भिंतीच्या मुळाशी ओतणारा पाइप लांबवून पाणी घरापासून दूर सोडणे, हा सर्वांत स्वस्त उपाय. घराभोवतीच्या मातीला बाहेरच्या बाजूने उतार हवा, पहिल्या 10 फुटांत साधारण 6 इंच. ड्रेन उलटण्याचा धोका असेल, तर एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवण्याबद्दल प्लंबरला विचारा.

आईबाबा खाली झोपत असतील, तर पाण्याचा अलार्म आणि टॉर्च त्यांच्या खोलीत ठेवा. खिडकीचा खड्डा पानांनी भरलेला नाही ना, हे पाहा आणि वादळाच्या रात्री त्यांना वरच झोपू द्या. पासपोर्ट, ओसीआय कार्डे, लग्नाचे अल्बम बेसमेंटच्या फरशीवर कधीही नकोत.

पाणी शिरलेच, तर ते प्लगांपर्यंत किंवा पॅनेलपर्यंत पोचले असताना खाली उतरू नका. जनरेटर गॅरेजमध्ये लावू नका. तो घराबाहेर, किमान 20 फूट दूर हवा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. साफसफाईआधी सगळ्याचे फोटो काढा आणि 24 ते 48 तासांत वाळवण्याचे काम सुरू करा, नाहीतर बुरशी धरते. सार्वजनिक वाहिनीतून मैला आला असेल, तर मिशिगनच्या 2001 च्या कायद्यानुसार संबंधित यंत्रणेला 45 दिवसांत लेखी कळवावे लागते. नाहीतर दावा हातचा जाऊ शकतो.

घर अजून घ्यायचे असेल, तर मिशिगनमध्ये विकणाऱ्याला भरून द्यावा लागणारा माहितीपत्रक नीट वाचा. बेसमेंटमध्ये पाण्याच्या खुणा आढळल्या होत्या का, हा प्रश्न त्यात असतो. घर आधीच घेतले असेल, तर या आठवड्यात विमा एजंटला फोन करून तीन गोष्टी विचारा: संप आणि ड्रेनची जोडणी माझ्या पॉलिसीत आहे का, तिची मर्यादा किती डॉलर आहे, आणि माझ्या घराला पूरविमा किती रुपयांना नव्हे, किती डॉलरला पडेल. तिसऱ्याचे उत्तर ऐकून पूरविमा घ्यायचा की नाही, ते प्रत्येकाने आपापल्या हिशेबाने ठरवावे. पहिल्या दोघांचे उत्तर मात्र पाऊस पडायच्या आत माहीत हवे.