गुऱ्हाळाची काहील आणि जमिनीखालची आच

शिरूर-दौंड भागात बोअर घेताना एक प्रश्न हमखास माझ्या कानी येतो. इतके खोल जायचेच, तर खाली कोळसा किंवा तेल लागणार नाही का? प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण त्या आशेवर कर्जाचे आणखी शंभर फूट उतरतात. दौंड जंक्शनवर एकेकाळी वाफेची इंजिने दगडी कोळशावरच धावली. पण तो कोळसा इथला नव्हे.

कोळसा आणि तेल ही आचेची करणी आहे, हे दौंडकडच्या कुणाही गुळव्याला चटकन पटेल. काहिलीतला रस कमी तापला तर गूळ बसत नाही, जास्त तापला तर करपतो. समुद्रतळाच्या गाळात पुरलेल्या सूक्ष्म जीवांचेही तसेच. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. ६० ते १२० अंशांच्या दरम्यान त्या अवशेषांतून हायड्रोजन-कार्बनच्या साखळ्या सुटतात, ते तेल. १५० अंशांपुढे साखळ्या तुटत जातात आणि वायू उरतो. गुऱ्हाळात हे काम काही तासांचे, जमिनीखाली लाखो वर्षांचे.

कोळशात आधी पाणी आणि ऑक्सिजन निघून जातो, मग कार्बनची वलये एकमेकांना जोडली जातात. चंद्रपूर-बल्लारपूरच्या जुन्या कोळशाला आच बेताचीच मिळाली. तो वीजघरात जळतो, पण पोलादाच्या भट्टीचा कोक त्याचा होत नाही. झरियात मात्र तप्त शिलारस थरांत घुसला आणि शेजारचा कोळसा जागीच भाजून निघाला. त्याला तिकडे ‘झामा’ म्हणतात.

आणि आपल्याकडे? आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३४० मीटर पाषाणाखाली गाळ जेमतेम ८ मीटर आणि त्याखाली प्राचीन स्फटिकी खडक लागला. कोयनेलाही पाषाणाखाली ग्रॅनाइटच निघाला. काहिलीत रसच नाही, तर चुलवाण पेटवून काय उपयोग?

मुंबई हायच्या परिसरात हाच पाषाण समुद्राखाली खोल गेला, त्यावर गाळाचे जाड थर साचले आणि त्या गाळात तेल शिजले. १९७४ साली ‘सागर सम्राट’ला ते सापडले. पाषाण तोच, आपल्याकडे त्यावर गाळ साचला नाही, इतकेच. म्हणून शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याने बोअर घ्यावी ती पाण्यासाठी, आणि कर्ज काढावे तेही पाण्यापुरतेच.