दवाखान्याची फाईल मोबाईलवर

सभासद बंधू-भगिनींनो,

उसाच्या वजनाची पावती आपण जपतो. रक्ताचे रिपोर्ट मात्र पावसात भिजतात, नाहीतर हरवतात. मग नवा डॉक्टर तीच तपासणी पुन्हा सांगतो, पुन्हा खर्च.

२०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी 'आभा' क्रमांक आधारवरून मोफत निघतो. आधारला जोडलेला मोबाईल जवळ असू द्या. योजनेला जोडलेल्या दवाखान्यांतले रिपोर्ट आभा ॲपमध्ये पाहता येतात. तुमच्या संमतीशिवाय ते दुसऱ्या डॉक्टरला दिसत नाहीत. दिलेली संमती मागेही घेता येते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा : हे मोफत उपचाराचे आयुष्मान कार्ड नव्हे, आणि ओटीपी कुणालाही सांगू नका.

जोडलेला नसलेल्या दवाखान्याचा कागद आपोआप येणार नाही. म्हणून जुनी फाईल फेकू नका. आपल्या टोळीतल्या ऊसतोड बंधू-भगिनींनाही हे जरूर सांगा. मुलूख बदलला तरी रिपोर्ट त्यांच्यासोबत राहतील.

— ऊस विकास अधिकारी